काळ्या मातीचे पदर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सूक्ष्म’ हा विषय मुक्रर केला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अलीकडच्या काळात पदार्थांचे जे नवे दर्शन घडवले त्याविषयी मी लिहावे असा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा महानगरांतील शीतकक्ष, तेथील पुरुषभर उंचीहून मोठी यंत्रे आणि अणूंच्या रांगांची आता सर्वत्र छापली जाणारी छायाचित्रे असावीत. ती यंत्रेही मी पाहिली आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिणार आहे. परंतु पदार्थविज्ञान म्हटले की सिलिकॉन, पोलाद आणि ग्राफीन एवढेच डोळ्यांपुढे यावे, आणि ज्या पदार्थावर वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांचा चरितार्थ चालतो तो मात्र कोणाला आठवूही नये, हे मला फार दिवसांपासून चमत्कारिक वाटत आले आहे. म्हणून मी आरंभ वाशीमपासून केला, आणि पाहण्यासाठी पदार्थ निवडला तो तेथील काळी माती.

वैशाखातील वावर

रिसोड तालुक्यातील भारी जमिनीच्या वावरांतून वैशाखात हिंडावे, तर तूर आणि हरभरा केव्हाच निघून गेलेला असतो, वखरणी अर्धीमुर्धी झालेली असते, आणि जेथे वखर फिरलेला नाही तेथे भुई अशी उललेली असते की भेगेत घातलेला हात कोपरापर्यंत सहज आत जातो. या भेगा वाटतात तितक्या स्वैर नसतात. त्या एकमेकींना मिळून जमिनीचे पाच-सहा कोनांचे तुकडे पाडतात, आणि एखादा तुकडा कुदळीने उपसून त्याची खालची बाजू पाहिली तर ती जागोजाग गुळगुळीत व चकचकीत झालेली दिसते. ही चकाकी म्हणजे पावसाळ्यात फुगलेली माती मातीवरच रेटली गेल्याची, घासली गेल्याची खूण होय. जमीन स्वतःला आतून नांगरत असते असे म्हटले तर त्यात अलंकारापेक्षा वस्तुस्थितीच अधिक आहे.

ज्या वावरात मी उभा होतो त्याचे मालक वयोवृद्ध होते आणि माझ्या प्रश्नांनी त्यांची किंचित करमणूक होत असावी. ‘‘भाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘पाणी पडलं की ही जमीन आठ-आठ दिवस आत पाय ठेवू देत नाही, अन् उघाड पडली की पाहता पाहता दगड होते. मधात जो वाफसा भेटते ना, त्याच्यावरच आमचं सारं गणित.’’

वाफसा म्हणजे मातीत पुरेसा ओलावाही आहे आणि हवाही खेळते आहे, वखराला चिखल चिकटत नाही आणि ढेकूळ हाताने फुटते, अशी स्थिती. हलक्या मुरमाड रानात ती लवकर येते आणि लवकर जाते. भारी रानात उशिरा येते आणि शेतकऱ्याची परीक्षा पाहते. वाशीमची शेती मुख्यत्वे पावसावरची, आणि खरिपात सोयाबीनचे राज्य असल्यामुळे पेरणीचे, डवरणीचे व फवारणीचे सारे वेळापत्रक या थोड्या दिवसांत कोंबावे लागते. अलीकडे रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरण्याचा प्रघात पडत आहे तोही याचसाठी, की जास्तीचे पाणी सरीतून निघून जावे आणि मुळांपाशी हवा राहावी.

ही माती फुगते का आणि फाटते का, असे विचारले असता ‘चिकण आहे म्हणून’ असे उत्तर सर्वत्र मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. ते केवळ प्रश्नाचीच दुसरी मांडणी आहे.

सोळा आण्यांची प्रतबंदी

मातीची परीक्षा या मुलुखात नवी नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि पुढे येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी झाली, तेव्हा प्रतबंदीचे कारकून शेतोशेती खड्डे खणून मातीचा रंग, पोत आणि खोली पाहत, तीत चुनखडी किती, उतार किती, पाणी साचते काय हे नोंदवत, आणि त्यानुसार जमिनीच्या नऊ प्रती लावून त्यांची किंमत आण्यांत ठरवत. खोल, काळी, निर्दोष जमीन सोळा आणे. दोष निघेल तसा आण्यांचा उतार. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढण्यात आला हे सर्वांना ठाऊक असते; परंतु बाशीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा १९०५ पर्यंत नांदत होता आणि त्याच्या दप्तरात या प्रतबंदीचे कागद होते, ही गोष्ट बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. त्या कारकुनांच्या नजरेविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण सरकारी महसूल आणि रयतेचा जीव या दोहोंचा भार त्या नजरेवर होता.

तथापि रंग आणि खोली ही लक्षणे आहेत, कारणे नव्हेत. काळा रंग पाहून मातीत सेंद्रिय द्रव्य विपुल असेल असा जो समज होतो तो तर सर्वस्वी फसवा आहे. विदर्भातील काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा एका टक्क्याहूनही कमी भरते. खरे कारण चिकणमातीच्या ज्या खनिजात आहे त्याचे नाव स्मेक्टाइट. दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टातील प्लॅजिओक्लेज या खनिजाची, हल्लीपेक्षा अधिक आर्द्र अशा पूर्वकालीन हवामानात झीज होऊन ते तयार झाले, आणि पाण्याबरोबर वाहत येऊन सखल भागांत साचले. त्याचा प्रत्येक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, इतका पातळ. त्यात दोन बाजूंना सिलिकाचे थर आणि मधोमध ॲल्युमिनियमचा थर, आणि पापुद्र्यावर किंचित ऋण विद्युद्भार. तो फेडण्यासाठी पापुद्र्यांच्या फटींत कॅल्शियम किंवा सोडियम येऊन बसतो आणि आपल्याबरोबर पाणी आणतो.

कारंजा लाडच्या जैन भांडारांतील ज्या पोथ्यांवरून डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले, तशा पोथीची रचना येथे ध्यानात घ्यावी: पाने एकावर एक असतात पण शिवलेली नसतात, आणि म्हणून दोन पानांमध्ये काहीही सरकवता येते. स्मेक्टाइटाची पाने अशीच सुटी असल्यामुळे त्याच्या प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू पाण्याला आणि खताला मोकळ्या राहतात. शुद्ध स्मेक्टाइटाच्या एका ग्रॅमात असा पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटर निघतो. म्हणजे पाच-सहा ग्रॅमांत एक एकर. सातबाऱ्यावर या क्षेत्राची नोंद होत नाही, परंतु पीक पोसले जाते ते त्याच्यावर.

भिंगाचा दोष

एक नॅनोमीटर जाडीचे पान साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे अशक्य, कारण प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सुमारे दोनशे नॅनोमीटरांच्या खालचा तपशील त्यात पुसला जातो. १९२४ साली लुई द ब्रॉय्ली याने इलेक्ट्रॉनालाही तरंगलांबी असते असे प्रतिपादले, आणि १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स नोल व अर्न्स्ट रुस्का यांनी चुंबकीय वेटोळ्यांची भिंगे करून इलेक्ट्रॉनांच्या झोताने प्रतिमा मोठी करून दाखवली. रुस्काला या कामगिरीचे नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली. मान्यतेचा अर्ज पंचावन्न वर्षे दप्तरी पडून राहिला असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे मेघनाद साहांच्या प्रोत्साहनाने नीरजनाथ दासगुप्त यांनी चाळीसच्या दशकात कलकत्त्याला असे यंत्र स्वतः उभारले, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवी.

परंतु या यंत्रात एक मूळचाच दोष होता. दोन लाख व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी नॅनोमीटरच्या चारशेव्या भागाइतकी, म्हणजे अणूच्या आकाराच्या मानाने नगण्य असते; त्या हिशेबाने अणू केव्हाच स्वच्छ दिसायला हवे होते. पण गोल चुंबकीय भिंगाच्या मध्यापासून दुरून जाणारे इलेक्ट्रॉन गरजेपेक्षा अधिक वळतात, सर्व किरण एका बिंदूत मिळत नाहीत, आणि प्रतिमा विस्कटते. डार्मस्टाटच्या ओटो शेर्झर याने १९३६ साली गणिताने दाखवून दिले की भिंग गोल आहे तोवर हा दोष टळणे नाही. आणि १९४७ साली त्यानेच सुचवले की मग गोलपणाच सोडावा, अनेक ध्रुवांचे चुंबक लावून उलट दोष निर्माण करावा आणि दोषाने दोष मारावा. सूचना बरोबर होती, पण तीत जे असंख्य प्रवाह एकाच वेळी सूक्ष्मपणे जुळवावे लागतात ते हाताने जुळवणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ते संगणक हाताशी आल्यावर जमले. हाराल्ड रोझ यांची रचना, माक्सिमिलियान हायडर यांची कारागिरी आणि क्नूट उर्बान यांची पदार्थविज्ञानातील निकड यांच्या संयोगातून १९९८ साली दुरुस्त भिंगाने घेतलेल्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. झोत बिंदूरूप करून नमुन्यावरून फिरवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी हेच काम ओंद्रेय क्रिवानेक यांनी केले. या चौघांना २०२० चे काव्ली पारितोषिक मिळाले. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात भिंगावरची भिस्तच कमी करून, झोताच्या प्रत्येक ठिकाणचे विवर्तनचित्र टिपून संगणकाकडून प्रतिमा रचवून घेण्यात आली, आणि ती इतकी तीक्ष्ण निघाली की उरलेला धूसरपणा मुख्यतः अणूंच्या स्वतःच्या थरथरीचा होता.

आपली माणसे या विद्येत मागे आहेत असेही नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले विनायक द्रविड यांनी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सूक्ष्मदर्शनाचे जे ‘नुआन्स’ केंद्र वाढवले त्याचा लौकिक मोठा आहे.

निर्वातातील माती

मुंबईतील एका प्रयोगशाळेत मी वऱ्हाडची काळी माती यंत्रात जाताना पाहिली. जाताना माती अशी ती राहिलेलीच नसते. पाण्यात कालवून, जड कण खाली बसू देऊन, वर तरंगत राहिलेला गढूळपणा तेवढा उचलायचा, तो आणखी विरळ करायचा, आणि त्याचा एक थेंब तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर, कर्बाच्या पातळ पडद्यावर वाळू द्यायचा. डोळ्यांना जाळीवर काहीच दिसत नाही. मग ती दांड्याच्या टोकाला बसवून निर्वात नळीत सरकवायची आणि निर्वात पुन्हा पूर्ववत होईपर्यंत थांबायचे. या कामाचा बहुतेक वेळ थांबण्यात जातो, आणि खोलीत चढ्या आवाजात बोलणेही वर्ज्य असते, कारण ध्वनीच्या कंपनांनीही प्रतिमा हलते.

पडद्यावर प्रथम सुरकुतलेल्या पातळ चादरी दिसल्या. आवर्धन वाढवत नेले तेव्हा एका दुमडीच्या कडेला काळ्या समांतर रेघा उमटल्या. दोन रेघांतले अंतर सुमारे एक नॅनोमीटर. त्या सरळ नव्हत्या. वाकत होत्या, एखादी मध्येच संपत होती, दोन दूर जाऊन पुन्हा जवळ येत होत्या. मी वाकून नीट पाहू लागलो तोच यंत्र चालवणारी तरुण संशोधिका म्हणाली, ‘‘एका जागी थांबलो की जाईल, सर. फोकस शेजारी करायचा आणि फोटो काढण्यापुरतंच इकडे यायचं.’’ आणि खरोखरच थोड्याच क्षणांत त्या रेघा फिकट होत होत नाहीशा झाल्या. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पापुद्र्यातील हायड्रॉक्सिल निसटतात, सोडियम जागा सोडतो, आणि स्फटिकाचा क्रम मोडून पडतो. पोलादाचा किंवा सोन्याचा नमुना जो मारा तासन्‌तास सोसतो, त्यात माती काही क्षणही टिकत नाही.

त्याहून मोठी अडचण निर्वाताची. शेतात ओल्या असताना पापुद्र्यांमध्ये पाण्याचे दोन थर असतात आणि पानापासून पानापर्यंतचे अंतर दीड नॅनोमीटर किंवा थोडे अधिक असते. निर्वातात ते पाणी उडून जाते आणि अंतर एकावर येते. मला दाखवली गेली ती वैशाखातील माती होती. मृगातील माती या मार्गाने दिसणे नाही.

यावरून मी जे मत बनवले ते असे, की या विद्येच्या प्रगतीची गणना केवळ तीक्ष्णतेने करण्याची जी रीत पडली आहे ती एकांगी आहे. आमच्या मातीला अँगस्ट्रॉमच्या अंशांची गरज नाही. एक नॅनोमीटरच्या रेघा जुन्या, दुरुस्ती न केलेल्या भिंगानेही दिसत होत्या. तिला हवा आहे तो सौम्यपणा, आणि तोही गेल्या काही दशकांत आला आहे, फक्त त्याचा डंका कमी वाजला. ओला नमुना द्रवरूप इथेनमध्ये इतक्या वेगाने बुडवायचा की पाण्याला बर्फाचे स्फटिक करायला अवसरच मिळू नये आणि ते काचेसारखे गोठावे, ही झाक द्युबोशे यांनी सिद्ध केलेली युक्ती जीवशास्त्रज्ञांनी गाजवली आणि तिला २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण गोठलेल्या पाण्यात प्रथिन पाहता येते तशी चिकणमातीही पाहता येते. एकेक इलेक्ट्रॉन थेट मोजणारे कॅमेरे आल्यापासून पूर्वीच्या मानाने थोड्या माऱ्यात प्रतिमा मिळू लागली. बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये झिओलाइटसारख्या, माऱ्यात चटकन कोसळणाऱ्या स्फटिकाच्या छिद्रात अडकलेला एकच सेंद्रिय रेणू प्रत्यक्ष पाहिला, तो अशाच हलक्या हाताने.

फुगते ते नक्की काय?

पाणी पापुद्र्यांच्या फटींत शिरते, पापुद्रे दूर सरकतात आणि म्हणून जमीन फुगते, असे कृषिविषयाच्या पुस्तकांत वाचून मीही तेच गृहीत धरून निघालो होतो. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे दानिएल तेसिए यांनी ऐंशीच्या दशकात, ओलावा राखून केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातून, या सुटसुटीत कथेला मोठीच दुरुस्ती सुचवली. फटीत कॅल्शियम असेल तर पापुद्र्यांमधले अंतर दोन नॅनोमीटरांच्या आसपास थांबते. मग माती कितीही ओली करा, ते पुढे फारसे वाढत नाही. शेतात ओल्यासुक्याच्या ज्या नेहमीच्या मर्यादा असतात, त्यांच्या दरम्यान तर हे अंतर बदलते ते थोडेच. मग जमीन फुगते कशी? तर अनेक पापुद्रे एकत्र येऊन जे लवचीक जुडगे बनतात, ती जुडगी एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात, आणि पाणी मुख्यतः त्या जाळ्याच्या भोकांत शिरते. वाळताना जुडगी वाकतात, जाळे आकसते, आणि जमीन उलते.

फटीत सोडियम असला तर मात्र प्रकार निराळा. पापुद्रे एकमेकांपासून पार सुटे होतात, जाळे विसकटते, सुट्या झालेल्या कणांनी भोके बुजतात, आणि पाणी वरच उभे राहते. वाशीमच्या उत्तरेस अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरला आहे त्याचे दुःख हेच आहे. वाशीमचे पठार त्या पट्ट्याच्या बाहेर आणि उंचावर असले तरी काटेपूर्णा उगम पावते ती वाशीमपाशी आणि मिळते ती त्याच पूर्णेला.

या प्रश्नाचा खरा पाठपुरावा झाला तो नागपुरात, अमरावती मार्गावरील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काळ्या मातीचे खनिजशास्त्र लावले. शेतकऱ्याला जी चुनखडी म्हणून ठाऊक असते ती कोरड्या हवामानात मातीतच तयार होत राहते. ती तयार होताना कॅल्शियम खर्ची पडतो आणि मागे सोडियमचे वजन वाढते, असे त्यांनी दाखवले. आणि त्याबरोबरच दुसरी, दिलासा देणारी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, की काही जमिनींत सोडियम असूनही निचरा बरा राहतो, कारण त्यांत ह्यूलँडाइट या जातीचे झिओलाइट असते आणि ते हळूहळू कॅल्शियम पुरवत राहते. नाशिक-जळगावकडच्या खाणींतून निघणारे जे झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असतात, त्यांचेच भाऊबंद आमच्या वावरांत मजुरी करत आहेत. सोडियमचा नुसता आकडा पाहून जमिनीला नापास ठरवू नये, हा या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ.

लोणारची काच

रिसोडपासून सरळ पश्चिमेस गेले की जिल्ह्याची हद्द संपते आणि थोड्याच अंतरावर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर लागते. त्याचा व्यास पावणेदोन किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. विवर ज्वालामुखीचे की अशनिपाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला, आणि १९७३ साली कुर्ट फ्रेड्रिक्सन व त्यांच्या भारतीय आणि अमेरिकी सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जो लेख लिहिला त्यात आघाताच्या बाजूने निर्णायक पुरावे मांडले. त्यांपैकी एक पुरावा मस्केलिनाइट. बेसाल्टातील प्लॅजिओक्लेजला आघाताचा प्रचंड दाब बसला की न वितळताही त्याचा स्फटिकक्रम नष्ट होतो आणि बाह्य आकार तसाच राहून आतून काच बनते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याची ओळख चटकन पटते: विवर्तनचित्रात स्फटिकाचे ठिपके उमटण्याऐवजी पुसट कडे तेवढे दिसते.

हे द्रव्य पहिल्यांदा वर्णिले गेले ते १८६५ साली बिहारात शेरघाटी येथे पडलेल्या अशनीवरून, आणि तो अशनी मंगळावरून आलेला होता हे पुष्कळ पुढे कळले; म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. मला स्वतःला मंगळापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे अधिक अप्रूप वाटले. ज्या प्लॅजिओक्लेजची लोणारला क्षणार्धात काच झाली, त्याच खनिजाची शेजारच्या शिवारांत पावसाने सावकाश झीज होऊन स्मेक्टाइट झाले. मूळ पदार्थ एक. एकीकडून पर्यटकांचे उत्पन्न निघते आणि दुसरीकडून सोयाबीनचे.

तेरावा रकाना

२०१५ पासून शेतकऱ्याच्या हाती जी मृदा आरोग्य पत्रिका पडते, तीत बारा नोंदी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. खत किती घालावे हे सांगण्यास त्या पुरेशा आहेत. मातीत चिकणमातीचे खनिज कोणते, फटींत कॅल्शियम आहे की सोडियम, झिओलाइट आहे की नाही, यांविषयी त्यांत काही नाही; आणि वाफसा कधी येईल, जमीन चिबड होईल काय, जिप्सम घालून उपयोग होईल की पैसा पाण्यात जाईल, हे सारे त्यावरच अवलंबून आहे.

प्रत्येक वावराची माती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. खनिज ओळखण्याचे बरेचसे काम क्ष-किरणांनी स्वस्तात होते, आणि सूक्ष्मदर्शकाचा उपयोग मोजक्या, नीट निवडलेल्या नमुन्यांसाठीच करायचा असतो. परंतु महसूल मंडळागणिक एक नमुना घ्यायचा म्हटले तर जिल्ह्यासाठी ते ओझे मुळीच मोठे नाही. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, नागपुरात मृदा सर्वेक्षणाची संस्था आहे, आणि मुंबईच्या आयआयटीतील उपकरणकेंद्रात बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. या चौघांना एकत्र बसवणारा एक अर्ज तेवढा कोणीतरी लिहायचा आहे. वाशीमच्या किंवा रिसोडच्या महाविद्यालयात शास्त्र शिकणाऱ्या, आणि घरी भारी जमीन असलेल्या एखाद्या वाचकाने तो लिहिण्याचे मनावर घ्यावे. नमुन्यासाठी माती चिमूटभर पुरते.